तळपायाची चामखीळ आणि आईची सावड

तळपायाच्या चामखिळीने कुणी मरत नाही. तिच्यासाठी रजा मागितली तर साहेब हसतो आणि नातेवाईक नारळपाणी घेऊन भेटायला येत नाहीत. त्यामुळे ज्याला ती होते तो गप्प राहून लंगडतो आणि जो जे सांगेल ते लावत सुटतो. मीही तेच केलं. माझी चामखीळ घरी लावलेल्या औषधाने बरी झाली. त्याच औषधाने माझ्या आईचा पाय धोक्यात आला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय यातली एकही सांगू नये, असं मला वाटतं.

काटा

आमचं घर वडिवळ्याला. आमच्याकडे पाय दुखला की काटा मोडलाय, असंच धरून चालतात. उजव्या चवड्याखाली खडा टोचल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा मीही तेच धरलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गॅसवर सुई तापवली, चष्मा लावला आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"हलू नको. टोक दिसतंय मला."

टोक नव्हतंच. दुसऱ्या दिवशी रुईचा चीक लावला, की काटा वर येईल. पुढच्या रविवारी परत सुई. रक्त आलं, काटा आला नाही. "खोल गेलाय," अण्णा म्हणाले. या सुईने त्यांनी साऱ्या आळीचे काटे काढलेत, त्यामुळे सुईवर शंका घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. महिन्याभरात एकाच्या जागी तीन ठिपके झाले.

मी कुसगावच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते. दिवसभर उभं राहायचं, काळे बूट घालायचे आणि पाहुण्यांकडे बघून हसायचं. पायाच्या कडेवर भार टाकून हसता येतं, पण मग गुडघा बोलायला लागतो. कामशेतच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या पोराने पायाकडे न बघताच सांगितलं, "कुरूप असेल. पट्टी लावा." मधोमध औषध असलेली ती गोल पट्टी लावली. कातडी पांढरी पडली आणि आत काळे बारीक ठिपके दिसायला लागले. मला वाटलं, काट्याचे तुकडे!

निदान

गुडघा फारच दुखायला लागला तेव्हा लोणावळ्याच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ब्लेडने वरचा थर खरवडला. जागा वरून दाबली. दुखलं, पण सोसलं. मग तीच जागा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली आणि मी खुर्चीतून उडाले.

"चामखीळ आहे," त्या म्हणाल्या. "कुरूप नाही, काटा तर नाहीच. हातावर झाली असती तर वर वाढली असती. इथे तुमच्या वजनाने आत दाबली गेलीय. हे बघा, तळव्याच्या रेषा इथे येऊन तुटतात."

"आणि हे काळं?"

"बारीक रक्तवाहिन्या. सुईने कोरलंत का?"

मी मान खाली घातली.

"सगळेच कोरतात. आणि ती पसरते. विषाणू आहे तो, काटा नाही."

कुठून लागली, हे विचारलं. त्या म्हणाल्या, ओल्या फरशीवरून, कुणाच्या चपलेतून, कुठूनही. त्याचा तपास करण्यात अर्थ नाही. गोठवून काढता येते, जाळून काढता येते, किंवा मेडिकलमध्ये मिळणारं सॅलिसिलिक ॲसिडचं औषध घरी लावता येतं.

"घरी लावलं तर चिकाटी लागते. लोक आठवडाभर लावतात आणि मला शिव्या देतात."

"मी चिकाटीच्या घरातली आहे," मी म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "घरात कुणाला साखर आहे?"

"आईला. बरीच वर्षं."

"मग बाटली त्यांच्या हाताला लागू देऊ नका. साखर असलेल्या माणसाने हे पायाला लावायचं नाही. आणि पाय घासायचं तुमचं सगळं वेगळं करा."

आवाहन

मी पत्रकांवर वाढले. अण्णा तळेगावच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरी पडवीत गठ्ठ्याने असायची. 'कामगार बंधूंनो' ही मी वाचलेली पहिली अक्षरं. माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं तर त्याला कळतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणून औषधाच्या खोक्यातला कागद उलगडला आणि माझं डोकं फिरलं. मुंगीएवढ्या अक्षरांत, सगळं इंग्रजीत. ज्यांच्या पायाला हे लावायचं, त्यांच्यापैकी किती जणांना हे वाचता येणार? भांडी घासायच्या साबणावर मराठी असतं. कातडी जाळणाऱ्या औषधावर का नाही?

मी तो कागद मराठीत लिहून काढला आणि न्हाणीच्या दारावर चिकटवला. मथळा: 'घरातील सर्व नागरिकांस आवाहन'. खाली: बाटली कुणी हाताळू नये. साखर असलेल्यांनी लावू नये. माझा पंचा, माझी चप्पल, माझी पाय घासायची कानस वापरू नये.

अण्णांनी चष्मा वर करून ते वाचलं. "मागण्या कुठंयत?"

आईने मोठ्याने वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाली, "म्हंजी आता तुझं समदं निराळं. येगळं ताट बी लावू का?"

मला ते लागलं. माणसाला वेगळं बसवण्याविरुद्ध मी गावात बोललेली आहे आणि आता माझाच पंचा वेगळ्या खिळ्यावर. मी तावातावाने समजावलं की इथे माणूस वेगळा नाही, वस्तू वेगळ्या आहेत. आई म्हणाली, "बरं बरं. पंचायतीत बोल जाऊन."

वजरी

आमच्या न्हाणीत एक वजरी आहे. काळी, खरबरीत, मधोमध झिजलेली. लग्नात आईबरोबर आली. आईने तिने टाचा घासल्या, मी घासल्या, अण्णांनी घासल्या, आलेल्या पाहुण्यांनी घासल्या. मावळात शेतावरून आल्यावर चिखलाचा पाय वजरीने घासल्याशिवाय घरात येत नाही. दात घासायचा ब्रश कुणी दुसऱ्याचा घेत नाही, पण वजरी मात्र सगळ्या घराची. त्या सुयांच्या आणि पट्ट्यांच्या महिन्यांत मी माझा पायही तिनेच घासत होते. निदानानंतर मी ती टाकून द्यायला काढली. आई म्हणाली, उकळून घेते. उकळली आणि परत तिथेच ठेवली.

रोजचं

औषध लावायची रीत सोपी आहे. कोमट पाण्यात पाय बुडवायचा, मऊ झालेली पांढरी कातडी कानशीने हलक्या हाताने काढायची, पाय कोरडा करायचा. भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावायचं, चामखिळीवर औषधाचा थेंब, वर चिकटपट्टी. परत उद्या. अवघड आहे ते 'कोरडा करायचा' हे. पाऊस सुरू झाल्यावर मावळात भिंतीला पाणी सुटतं, पंचा वाळत नाही, बूट आतून ओले. चिकटपट्टी मोज्यात गोळा होऊन बसायची. अण्णा रोज सकाळी माझे मोजे तव्यावरच्या उष्णतेला धरून शेकवायचे, पापड शेकावा तसे.

शेजारच्या सुमनकाकू पाय बघायला आल्या. "बिब्बा लाव. एका चटक्यात जळती."

मी बिब्ब्याने भाजलेल्या पायांबद्दल बोलायला सुरुवात केली. मग सुमनकाकू म्हणाल्या, तसं नको तर देवाला मीठ वाहायचं बोल. मी त्यावरही बोलले.

"भाषण दी, पर पाय हाय तसाच हाय की गं," त्या म्हणाल्या. सगळे हसले. पाय खरंच होता तसाच होता.

आणि इथे एक खरं सांगते, कारण कुणाला तरी उपयोग होईल. महिना झाला तरी फरक दिसेना तेव्हा मला भीती वाटायला लागली की ही आता जन्माची. मी थेंबाच्या जागी चार थेंब लावले, दिवसातून दोनदा. भोवतीची चांगली कातडी सोलून निघाली. मग आठवडाभर औषध बंद, पायावर टेकता येईना आणि चामखीळ तिथेच. जास्त औषधाने ती लवकर जात नाही. उलट आपल्यालाच थांबावं लागतं आणि तिला सवड मिळते. मग मी परत रोज एकच थेंब लावायला लागले.

आईचा पाय

लावणी जवळ आली. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज पाचसहा घरच्या बाया एकीच्या खाचरात, उद्या त्याच दुसरीच्या. घरटी एक बाई. आपण जितक्या वावरांत वाकलो तितक्या बाया आपल्या वावरात येतात. आमच्या घरातून आई जाते. ती कधी चुकलेली नाही.

एका दुपारी आई ओट्यावर पाय पसरून तांदूळ निवडत होती. डाव्या तळव्यावर मला पांढरी चकती दिसली. ती पांढरी चकती मी ओळखते. रोज बघत होते.

"आई, हे काय?"

"काय न्हाई. तुझ्यासारखंच आलंय. लावतीय मी तुझं औषध."

मी खाली बसून पाय हातात घेतला. चकतीच्या कडेला कातडी निघालेली, आत लाल, ओलं. मी बोट लावलं. आई तांदूळ निवडत राहिली.

"दुखतं का?"

"आजाबात न्हाई. तुझ्यापरीस लवकर बरं हुतंय."

मी जरा दाबलं. ती सुपात बघत होती. खडा सापडला, तो तिने बाजूला टाकला. त्या जागी मला दाबलं असतं तर मी ओरडले असते. माझ्या आयुष्यात 'दुखत नाही' या शब्दांनी मी इतकी कधी घाबरले नव्हते.

"दारावर लिहिलंय ना मी! साखर असलेल्यांनी लावू नये! तू वाचलंस!"

"वाचलं की. मला काय वाचता येत न्हाई व्हय?"

"मग?"

"मंग काय? लावणीच्या आदी जायला पायजे हुतं. चिखलात टोचाय लागलं तर मागं पडंन मी. तुझा पाय असा, माझा असा. सावड कुणी करायची? तुझा बा?"

अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "करीन की."

"बायांच्या रांगंत?" आई म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही.

पुन्हा लोणावळा

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी आधी औषध बंद केलं, जखम धुतली. मग आईला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. कळलं की हो म्हणायचं. आई बऱ्याच ठिकाणी गप्प राहिली. मी धागा टेकलेला बघत होते आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होते.

"साखरेने पायाची जाणीव कमी झालीय," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून हे औषध नको म्हणते. तुम्ही जळत असता आणि तुम्हाला कळत नाही. जखम वर आहे तोवर ठीक. चिखल आत गेला तर मग पायाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"प्लाष्टिकची पिशवी बांधून?" आईने विचारलं.

"नाही."

"गमबूट घालून?"

"आत पाणी गेलं तर तेही तुम्हाला कळणार नाही. जखम भरेपर्यंत खाचरात पाय घालायचा नाही."

आई माझ्यासारखी वाद घालत नाही. ती पदर तोंडाशी धरून बसली. मग म्हणाली, "हिचा पाय तरी बघा."

माझी पट्टी काढली. डॉक्टरबाई दिव्याखाली बघत राहिल्या. काळे ठिपके नव्हते. चिमटीत धरलं, काही झालं नाही. तळव्याच्या रेषा त्या जागेवरून सरळ पलीकडे गेल्या होत्या. "गेली," त्या म्हणाल्या. इतके दिवस मी या शब्दाची वाट बघितली होती आणि आता मला आईच्या चपलेत पायाखाली काही टोचतंय का, तेच बघावंसं वाटत होतं.

सावड

घरी आल्यावर मी आवेशात म्हणाले, मी सगळ्यांना सांगते. आजारी माणसाकडून सावडीची अपेक्षा ठेवणं चूक आहे, हे ठणकावून सांगते. आई म्हणाली, "तू काय बी ठणकावू नको. त्या काय मालक हायेत? त्यांची बी वावरं पडून राहत्यात. माझं मी सांगंन."

ती स्वतः सुमनकाकूंच्या अंगणात गेली. मी मागे. लावणीच्या सगळ्या बाया तिथे होत्या.

"मला या वक्ताला जमायचं न्हाई," आई म्हणाली. "पायाला जखम झालीया. साखरंची."

सुमनकाकू म्हणाल्या, "दाव." आईने तिथेच पाय वर केला. एकीने तोंडावर हात धरला.

"अगं, ही घिऊन तू हिंडतीस?"

"दुखत न्हाई गं."

"तुझी पोरगी काय लंगडी हाय का?" सुमनकाकू माझ्याकडे वळल्या. "सारखी श्रमाचं बोलती ना? यिऊ दे खाचरात."

मी होकार दिला. ते माझं आजवरचं सगळ्यात छोटं भाषण असावं.

पहिलं खाचर सुमनकाकूंचंच. मी साडी खोचलेल्या बायांच्या रांगेत ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभी राहिले. रोपांची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताने दोन-दोन काड्या चिखलात. माझी ओळ पहिल्या दहा पावलांत वाकडी झाली.

"ही काय सरकारी रस्ता काढतीया का?" एक म्हणाली.

"खोल खुपसतीया. भात येईल का तिकडून पाताळात?"

आई बांधावर बसली होती. पायात मोजे आणि नवे काळे बूट. वावरात बूट घालून बसलेली बाई तिथे कुणी पाहिली नव्हती. तिने पदराने बूट झाकायचा प्रयत्न केला. थोड्या वेळाने ती बूट विसरली. "दाट झालं! हात मागं घी! मूठ सैल धर!" तिथून ओरडत होती. मग एकदा मूठ संपली आणि माझा हात रिकामा राहिला. आई नकळत उठली, बांधावरची मूठ घेतली आणि द्यायला खाली उतरायला लागली.

मी ओरडले. पण माझ्याआधी सुमनकाकू ओरडल्या, "ए, बस तितं! फेक!"

आई थांबली. एक पाय उचललेला, बुटाचं टोक पाण्यावर. तिने मूठ फेकली. ती माझ्या तोंडावर चिखल उडवत पडली. सगळं खाचर हसलं आणि आईसुद्धा.

सगळ्यांची लावणी झाली, आमचीही झाली. आमच्या वावरात त्या सगळ्या आल्या. माझ्या ओळी दुरून ओळखू येतात.

आता

आईची जखम भरली, सावकाश. ड्रेसिंग अण्णा करायचे. सुई मात्र त्यांनी आपणहून टाकून दिली. न्हाणीत तीन वजऱ्या आहेत, तीन खिळ्यांवर. आईची चामखीळ अजून आहे. मला ती गेलेली हवी होती, गोठवून, जाळून, काहीही करून. डॉक्टरबाई म्हणाल्या, ती शांत आहे, दर महिन्याला मी बघेन, तुम्ही तिच्या मागे लागू नका. हे ऐकणं मला औषध लावण्यापेक्षा अवघड गेलं. अशी गोष्ट समोर असताना काहीच न करणं माझ्या स्वभावात नाही. शिकते आहे.

तुमच्या पायाला असं काही झालं असेल तर सुई बाजूला ठेवा, कुणाला तरी दाखवा, आणि घरी औषध लावणार असाल तर धीर धरा, जातं. पण साखर असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाय बधीर असेल, तर मेडिकलमधून बाटली आणू नका. दुखत नसेल, तर मुळीच आणू नका.

रोज सकाळी कामाला जायच्या आधी मी आईचा पाय मांडीवर घेते. बोटांच्या मधे बघते, टाच बघते. मग ती डोळे मिटते आणि मी दोऱ्याचं टोक वेगवेगळ्या जागी टेकवते. भात आता पिवळं पडलंय, कापणी जवळ आलीय आणि डॉक्टरबाईंनी सांगितलंय की कोरड्या वावरात, बूट घालून, आणि पायाची रोज नीट तपासणी होत असेल, तरच आईने कापणीला जायचं.

"इथे कळतं?"

"न्हाई."

"इथे?"

"जरासं."

"इथे?"

"व्हय. कळतंय की. हितं बी कळतंय. समदीकडं कळतंय आता."

"आई, मी अजून हात लावलेला नाही."

तिने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

"मंग लाव की."